तळघरातली ओल

सोमवार, ९ एप्रिल
आजपासून रोजनिशी. हौस म्हणून नाही, पुरावा म्हणून. तीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासले. ज्याच्याकडे लेखी असतं तोच जिंकतो, एवढं त्यातून शिकलो. वही पिठाच्या डब्यात ठेवणार. माझी बायको लोरेन गेल्यापासून त्या डब्याला कोणी हात लावत नाही.

नवी नोकरी आजपासूनच. मेअखेरपर्यंतच आहे. बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात लांब टेबलं मांडलीत, प्रत्येकापुढे कॉम्प्युटर. राज्याच्या परीक्षेत चौथीच्या मुलांनी एका उताऱ्यावर लिहिलेली उत्तरं स्क्रीनवर येतात. आपण वाचायची आणि शून्य ते चार गुण द्यायचे. नाव नाही, शाळा नाही, फक्त मुलाचं अक्षर. यंदा आमच्या आयोवातल्याच मुलांचे पेपर आहेत म्हणे. गुप्ततेच्या कागदावर सही केली. तिसरं कलम खटकलं, पण का ते अजून कळलेलं नाही.

ही नोकरी क्रिस्टीनने सुचवली. म्हणाली, बाबा, घराबाहेर पडलात तर बरं वाटेल. कोणाला बरं वाटेल, ते मात्र बोलली नाही. पोटची मुलगी असली म्हणून काय झालं.

मंगळवार, १० एप्रिल
उतारा मिळाला. मिस्टर पेल नावाचा म्हातारा. परसात नाशपातीचं झाड. कोणीतरी फळं चोरतंय असा त्याला संशय, म्हणून खुर्ची टाकून पहारा देतो. शेजारीण रोज केक घेऊन येते, तिला फाटकातूनच परत पाठवतो. एक दिवस ती येत नाही. मग हा स्वतःच नाशपातींची टोपली घेऊन तिच्या दारात जातो. संपला उतारा.

प्रश्न: हा माणूस असा का वागतो? तुमच्या ओळखीत असं कोणी आहे का? दाखले देऊन लिहा.

आमच्या टेबलाची प्रमुख बेव्ह ड्वोराक, निवृत्त मास्तरीणबाई. तिने सांगितलं की पेल एकटा पडलाय हे मुलाला कळलं असेल तर भरघोस गुण द्यायचे. मी हात वर केला. विचारलं, एकटा पडलाय असं कोणत्या ओळीत लिहिलंय? बाई म्हणाली, लिहिलेलं नाही, ते आपण समजून घ्यायचं. मी म्हटलं, मग समजूनच घ्यायचं तर चोर कोण ते का नाही समजून घ्यायचं? रोज न चुकता केक घेऊन येणारी बाई इथे कोणालाच खटकत नाही?

टेबलावर कोणी काही बोललं नाही. मुद्दा पटला असावा.

बुधवार, ११ एप्रिल
शेजारच्या खुर्चीवर टोबी आहे. तिशीतला. पोल्का बँडमध्ये ट्युबा वाजवतो आणि सीझनला इथे येतो. मला काका म्हणतो. लगट कशासाठी ते बघू.

त्याच्याकडून महत्त्वाची बातमी कळली. मॅनेजमेंट आधीच गुण ठरवलेले पेपर आमच्या पेपरांत बेमालूम मिसळतं. आम्ही बरोबर तपासतो की नाही ते पाहायला. म्हणजे इथेही सापळे आहेतच. ऐकून फार बरं वाटलं. लोरेन गेल्यापासून एवढं ताजंतवानं वाटलं नव्हतं.

संकल्प पहिला: सापळ्याचे पेपर ओळखायचे आणि तेवढेच मन लावून तपासायचे. खुणा ठरवल्या. अक्षर फार सुंदर असेल तर सापळा. फार घाण असेल तर मुद्दाम घाण काढलेलं, म्हणून सापळा. मधलं असेल तर संशय येऊ नये म्हणून मधलं, म्हणजे सापळाच.

संकल्प दुसरा: पेपर शेवटपर्यंत वाचायचा नाही. चार ओळींत माणूस कळतो. पुढे असते ती सारवासारव. क्लेमच्या अर्जांतही हेच होतं.

शनिवार, १४ एप्रिल
मॅरिट आली. क्रिस्टीनची मुलगी, ही पण चौथीतच आहे. सप्टेंबरात लोरेन गेली तेव्हापासून दर शनिवारी येते. बर्फ पडला तरी येते. दहा वर्षांची पोर मैत्रिणी सोडून म्हाताऱ्याकडे येते, मी टीव्हीवर बेसबॉल बघत असतो आणि ही घरभर हिंडते. हेतू काय? मागे क्रिस्टीनला विचारलं होतं. म्हणाली, बाबा, तिला तुम्ही आवडता. याला उत्तर म्हणत नाहीत.

दुपारी दोघांनी टोस्टमध्ये चीज घालून खाल्लं. मॅरिटने मधेच विचारलं, आजोबा, तुम्ही तळघरात जाता का हो कधी? मी विचारलं, का? म्हणाली, सहज. तीस वर्षांत मला सहज विचारलेला एकही प्रश्न सहज निघाला नाही.

ती गेल्यावर तळघराचं दार तपासलं. लोरेनच्या विणकामातला निळा लोकरीचा धागा मी जानेवारीपासून मुठीपासून खिळ्यापर्यंत बांधून ठेवतो. कोणी दार उघडलं की कळावं म्हणून. धागा जागच्या जागी होता. पण आज चष्मा लावून पाहिलं. गाठ माझी नव्हती. माझी गाठ नुसता गुंता असते. ही दोन पाकळ्यांची, बुटाच्या लेसला बांधतात तशी.

कोणीतरी सराईत आहे.

रविवार, १५ एप्रिल
सप्टेंबरानंतर पहिल्यांदा तळघरात उतरलो. खिडकीखाली लोरेनची जिरेनियमं, तिची लाडकी फुलझाडं, आहेत. ती दर वर्षी थंडी पडायच्या आधी परसातून काढून कुंड्यांत लावायची, तळघरात ठेवायची, आणि मेमध्ये परत बाहेर काढायची. गेल्या वर्षी हॉस्पिटलात जायच्या आधी तेवढं मात्र करून गेली. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. बघवलं नाही. घरात सगळ्यांना बजावलं होतं, त्या कुंड्यांचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. मेली असतील असंच धरून चाललो होतो.

मेलेली नाहीत. हिरवीगार आहेत. दोनतीन रोपांना कळ्या आहेत. माती ओली आहे.

बराच वेळ तिथे उभा राहिलो. मग डोकं चालायला लागलं. सात महिने पाणी नाही, तरी माती ओली. याचा अर्थ एकच. घराच्या पायात गळती आहे.

फरशी तपासली. कोरडी ठणठणीत. भिंती कोरड्या. फक्त कुंड्यांतली माती ओली. साधा माणूस इथे फसला असता. पण पाणी आपला माग ठेवत नाही हे मला ठाऊक आहे. कॉफीचा एक रिकामा डबा कुंड्यांजवळ होता, त्यात तळाला थोडं पाणी. म्हणजे छतातूनही ठिबकतंय.

सोमवार, १६ एप्रिल
जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच्या सगळ्यांना गळतीचं सविस्तर सांगितलं. धागा, गाठ, डबा, सगळं. सगळे खाणं थांबवून ऐकत होते. टोबीने विचारलं, काका, कोणी पाणी तर घालत नसेल ना? त्याला समजावलं की क्लेम तपासण्याचं काम ट्युबा वाजवण्याइतकं सोपं नसतं. घरात मी एकटा राहतो. मी पाणी घालत नाही. गणित संपलं.

आज बऱ्याच मुलांनी ‘पेल एकटा आहे’ असं लिहिलं होतं. सगळ्यांना शून्य. उताऱ्यात नाही ते वाचायची सवय लहानपणीच मोडलेली बरी.

एका मुलीने लिहिलं होतं की शेजारीण नक्कीच काहीतरी लपवते. चार.

शनिवार, २१ एप्रिल
सकाळपासून घराच्या मागच्या भिंतीलगत चर खणतोय. पाया उघडा पडला की गळती सापडेल. शेजारचा ड्वेन प्रोहास्का कुंपणावर हात ठेवून बघत राहिला आणि विचारलं, काय शोधतोयस? याला कशाला हवं? त्याच्या छपराच्या पन्हळीचं तोंड माझ्या बाजूला आहे. हा मुद्दा आत्तापर्यंत माझ्या लक्षात कसा आला नाही?

मॅरिट आली तेव्हा मी गुडघाभर चिखलात होतो. तिला गळतीचं सांगितलं. कुंड्यांचं नाव घेतलं नाही, नुसतं ओल म्हटलं. पोरगी लालबुंद झाली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मी म्हटलं, घाबरू नकोस, घर पडत नाही. मग तिला अंदाज बांधण्याच्या शास्त्रावर थोडं सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती. फार लक्ष होतं.

तिचीही ती परीक्षा झाली म्हणे मार्चमध्ये. कसला उतारा होता विचारलं तर म्हणाली, सांगायचं नाही असं बाईंनी सांगितलंय. मला बरं वाटलं. तोंड बंद ठेवायला शिकतेय. मग वाटलं, आणखी कशाकशाबद्दल बंद ठेवते?

गुरुवार, २६ एप्रिल
बेव्हबाईने बाजूला बोलावलं. माझे गुण आणि दुसऱ्या तपासनिसांचे गुण जुळत नाहीत म्हणे. प्रत्येक पेपर दोघं वाचतात, दोघांत एका गुणाचा फरक चालतो. माझा फरक बराच मोठा असतो. तिने शांतपणे विचारलं, तुम्ही पेपर पूर्ण वाचता ना? मी म्हटलं, बाई, मी ओळींच्या मधलं वाचतो. ती म्हणाली, आधी ओळी वाचा, मग मधलं बघू.

जळते. टेबलप्रमुखाची जागा आपल्या हातून जाईल अशी तिला भीती आहे.

घरी पोस्टाने मासिक आलं. पानं पुन्हा कोमट. पोस्टमन गाडीत बसून आधी स्वतः वाचतो यात आता शंका नाही. गॅरेजचा नवा रिमोट आजपासून ओव्हनमध्ये. जुनाही तिथेच ठेवायचो, पण फेब्रुवारीत क्रिस्टीनने न बघता ओव्हन लावला. चूक तिची.

शनिवार, २८ एप्रिल
शास्त्रशुद्ध प्रयोग. सकाळी तळघराच्या पायऱ्यांवर पिठाचा पातळ थर पसरला. मॅरिट आली, जेवली, बेसबॉलच्या वेळी घरात हिंडली, गेली. मग जाऊन पाहिलं.

पावलं! खाली जाणारी आणि वर येणारी. गाठ पुन्हा दोन पाकळ्यांची.

पावलं लहान आहेत. म्हणजे चोर बुटका आहे, किंवा आपल्याला चकवायला त्याने मुद्दाम लहान बूट घातलेत. ड्वेनचे पाय त्याच्या देहाच्या मानाने लहानच आहेत. हे कधीपासून माझ्या डोक्यात होतं. मी बेसबॉल बघत असताना हा मागच्या दाराने येतो, मॅरिटला आणि मला पत्ता लागू देत नाही. पोर घरात एकटी हिंडत असते. 

दुकानातून कुलूप आणलं. चांगलं जाड.

शनिवार, ५ मे
मॅरिट आली. कोट काढला, स्वयंपाकघरातून तळघराच्या दाराकडे गेली आणि थबकली. बराच वेळ कुलपाकडे बघत होती. मग माझ्याजवळ आली.

“आजोबा, ते कुलूप काढा ना.”

मी म्हटलं, कारण सांग.

“कारण सांगितलं तर तुम्ही रागवाल.”

आता मी ताठ बसलो. कबुलीची सुरुवात अशीच होते. मी टीव्ही बंद केला आणि म्हटलं, मी रागावणार नाही, पण तळघरात कोण येतं ते तुला माहीत असेल तर सांग, ड्वेनने तुला काही सांगितलंय का? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, कोणीच येत नाही आजोबा. आणि रडायला लागली. मी चीजचा टोस्ट केला, तिने खाल्ला नाही. तिने फोन करून आईला लवकर बोलावून घेतलं.

ती खोटं बोलली नाही, एवढं मला कळतं. पण खरंही बोलली नाही. अशी पोरं साक्षीला फार कठीण जातात.

मंगळवार, ८ मे
ड्वेन परसातल्या रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या घेऊन आला. स्वतः केल्यात म्हणे. चर बुजवायला मदत करू का असंही विचारलं. पन्हळीचं तोंड आपल्या बाजूला वळवून घेतलंय हे जाताजाता सांगून गेला. न सांगता वळवलं! पुरावा नष्ट केला. वड्या कट्ट्यावर ठेवल्यात. खाणार नाही.

शनिवार, १२ मे
मॅरिट आली नाही. क्रिस्टीनने फोन केला. म्हणाली, तिला यायचं नाही, आणि का ते सांगत नाही. तुम्ही काही बोललात का बाबा? मी म्हटलं, मी फक्त विचारलं. ती म्हणाली, तुम्ही आईलाही फक्त विचारायचात. पण तिला हसू यायचं.

ठीक आहे. एक संशयित कमी झाला. तपास सोपा होईल.

दुपारी दोन टोस्ट केले. चीज संपवायचं होतं. दुसरा कट्ट्यावर राहिला, वड्यांच्या शेजारी. बेसबॉल लावला होता, कोण जिंकलं ते लक्षात नाही. घरात पावलांचा आवाज नसला की घड्याळ फार वाजतं. बॅटरी बदलून पाहावी.

बुधवार, १६ मे
आज एक अट्टल सापळा पकडला.

चौथीतल्या पोराचं अक्षर. कुठेतरी पाहिल्यासारखं, आणि तिथेच मी सावध झालो. खोट्या सह्याही अशाच ओळखीच्या वाटतात. उत्तराची सुरुवात अशी: माझे आजोबा मिस्टर पेलसारखे आहेत. ते गॅरेजचा रिमोट ओव्हनमध्ये लपवतात. एकदा आईने ओव्हन लावला आणि रिमोट चीजसारखा वितळला. पोस्टमन आपलं मासिक आधी वाचतो असं त्यांना वाटतं, कारण पानं कोमट असतात.

एवढंच वाचलं. रचलेलं प्रकरण आहे हे उघड दिसत होतं. असा माणूस जगात असूच शकत नाही. रिमोट ओव्हनमध्ये ठेवणारे असतील, मी स्वतःच ठेवतो, त्यात काही चुकीचं नाही. मासिकाची पानं कोमट लागतात हेही खरंच आहे. पण या दोन गोष्टी एकाच माणसात? आणि तो माणूस हास्यास्पद आहे असं दाखवलंय. मॅनेजमेंटमधल्या कोणीतरी बसून लिहिलंय हे.

एक गुण दिला. तोही अक्षर सुवाच्य होतं म्हणून. शेरा टाकला: विश्वसनीय नाही.

टोबीने तिरक्या नजरेने माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि तोंडावर रुमाल धरला. सर्दी झाली असावी.

गुरुवार, १७ मे
सकाळी बेव्हबाईने काम थांबवलं. काल एका पेपरला एका तपासनिसाने चार दिलेत आणि दुसऱ्याने एक. एवढा फरक पडला की सगळ्या टेबलाने मिळून वाचायचं असा नियम आहे. तिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. माझाच सापळा. मी आरामात मागे टेकून बसलो. रिमोटपाशी सगळे हसले. मासिकापाशी जास्त हसले. मी म्हटलं, बघा, कोणाला तरी पटतंय का? बाई म्हणाली, अजून दुसरं पान आहे, वेंडेल.

दुसरं पान मी पाहिलं नव्हतं.

बाईने वाचलं ते आठवेल तसं लिहून ठेवतो. ही नोंद करायची नाही हे माहीत आहे. तिसऱ्या कलमात हेच होतं.

“ते तळघराच्या दाराला आजीच्या निळ्या लोकरीचा धागा बांधतात. आत कोणी गेलं तर कळावं म्हणून. मीच जाते. आजीची जिरेनियमं खाली आहेत. हॉस्पिटलात जाताना आजी मला म्हणाली, तुझे आजोबा पाणी घालणार नाहीत, त्यांना बघवणार नाही, तू घाल. आजोबांनी सांगितलंय की कुंड्यांचं नाव काढायचं नाही, म्हणून मी काढत नाही. मी दर शनिवारी पाणी घालते आणि धागा परत बांधते. त्यांची गाठ मला येत नाही, म्हणून मी बुटाची बांधते. मेमोरियल डेला सगळे थडग्यांवर फुलं नेतात, तेव्हा ती फुलं आजीकडे न्यायची आहेत. मिस्टर पेल चोराची वाट बघतात असं उताऱ्यात आहे. मला वाटतं ते चोराची नाही, कोणीतरी येण्याची वाट बघतात. आजी होती तेव्हा आजोबा तिच्यावर संशय घ्यायचे आणि ती हसायची. आता त्यांच्याकडे संशय घ्यायला कोणीच नाही. म्हणून मी जाते.”

आता कोणी हसत नव्हतं. पेपर ओळखीचा निघाला तर तपासनिसाने हात वर करून सांगायचं, असा नियम आहे. मी नियम पाळणारा माणूस आहे. हात वर केला. 

“मला हा पेपर तपासता येणार नाही,” मी म्हटलं. “मी या आजोबांना ओळखतो.”

टोबी कीबोर्डकडे बघत हळूच म्हणाला, “काका, आख्खं टेबल ओळखतं.”

बेव्हबाईने माझा एक गुण खोडला. पेपर चारवर गेला. मग तिने सगळ्यांना कॉफी घ्यायला पाठवलं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत नुसती बसून राहिली. काही बोलली नाही. मीही तिच्या न बोलण्याचा काही अर्थ काढला नाही.

संध्याकाळी. कुलूप काढलं. जवळजवळ तीन आठवडे पाणी नाही. पानं पिवळी पडून खाली लोंबत होती, एक कुंडी पार वाळलेली. कॉफीचा डबा भरभरून पाणी घातलं. पायरीवर बसलो. लोरेनला माहीत होतं. मी काय करणार नाही, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. खूप रडलो. लिहून ठेवतो, कारण घडलंय.

शुक्रवार, १८ मे
अडचण. पेपरातलं बाहेर कोणाला सांगायचं नाही यावर माझी सही आहे. म्हणजे मला कळलं, हे मॅरिटला सांगता येत नाही. मला काहीच माहीत नाही असं दाखवून सगळं माहीत असल्यासारखं वागायचं आहे. आजवर मी नेमकं याच्या उलट करत आलो, हे मला कधी जमलेलं नाही.

क्रिस्टीनला फोन केला. म्हटलं, मॅरिटला सांग, गळती सापडली. कुलूप काढलंय. आणि सांग की मी रागावलेलो नाही. क्रिस्टीन म्हणाली, कशाबद्दल? मी म्हटलं, कशाहीबद्दल.

चर बुजवला. ड्वेन आला होता मदतीला. वड्या खाल्ल्या, थोड्या कडक झाल्यात पण चांगल्या आहेत. त्याच्या पायांकडे पाहिलं. भलेमोठे आहेत.

शनिवार, १९ मे
आली नाही.

शनिवार, २६ मे
आली. क्रिस्टीनच्या मागे लपून. मी बेसबॉल लावला आणि पाठ करून बसलो. तळघराचं दार वाजलं. पायऱ्या वाजल्या. मग बराच वेळ काहीच नाही. एवढा वेळ मी मान वळवली नाही. मान दुखली.

वर येऊन म्हणाली, आजोबा, खाली फुलं आहेत. मी म्हटलं, हो का? म्हणाली, सोमवारी आजीकडे नेऊया? मी म्हटलं, बघ बाई, तुला वाटत असेल तर. असं सहज म्हणालो. माझ्या आयुष्यातला पहिला सहज.

सोमवार, २८ मे, मेमोरियल डे
दफनभूमीत गर्दी. जो तो आपल्या माणसाजवळ कुंड्या घेऊन गुडघ्यावर. मॅरिटने लोरेनच्या दगडापाशी माती उकरली, मी कुंड्या उपड्या करून दिल्या. वाळली होती ती पण लावली. मॅरिट म्हणाली, मुळं जिवंत असतील तर येईल. मी हो म्हटलं. पुरावा मागितला नाही.

येताना गाडीत तिने विचारलं, परीक्षेचे गुण कधी कळतात? मी म्हटलं, शरद ऋतूत. म्हणाली, माझे काही चांगले येणार नाहीत, मी उताऱ्याबद्दल कमीच लिहिलं. मी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि समोर बघत राहिलो. लिहिलंस ना शेवटपर्यंत, मी म्हटलं. पुरे झालं.

गुरुवार, ३१ मे
सीझन संपला. बेव्हबाईने पुढच्या वर्षी बोलावणार नाही हे गोड शब्दांत सांगितलं. शब्द होते, ‘तुम्ही आता विश्रांती घ्या.’ ओळींच्या मध्ये काही नव्हतं.

शनिवार, २ जून
सकाळपासून अस्वस्थ. तळघर रिकामं आहे. एक कुंडीही नाही. म्हणजे मॅरिटला येण्याचं काही कारण उरलेलं नाही. क्लेमच्या भाषेत सांगायचं तर हेतू संपला. तरी दहा वाजता निळा धागा बांधला. माझा नेहमीचा गुंता. काही उद्देश नव्हता.

आली. टोस्ट खाल्ला, बेसबॉलच्या वेळी घरभर हिंडली, गेली. जाऊन पाहिलं. दोन पाकळ्यांची गाठ. खाली काही नव्हतं, तरी उघडून परत बांधली होती.

खुशीत होतो. हे लिहायला वही काढली. वही उघडताच मागच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. हे अक्षर आता मी कुठेही ओळखीन.

‘आजोबा, पीठ नवीन आणा. याला वास येतोय.’

म्हणजे डबा तिला माहीत होता. कधीपासून? कुठवर वाचलं? सतरा तारखेचं पान वाचलं असेल तर तिला चार गुण कळले, आणि गुप्ततेचा भंग माझ्या अंगावर आला. बुटक्या चोराचं वाचलं असेल तर काही बोलायलाच नको. की हा वास पिठाचा नाहीच? मला उद्देशून काही आहे का?

चिठ्ठी पुन्हा वाचली. मग आणखी एकदा, चष्मा पुसून. ओळींच्या मध्येही पाहिलं. डब्यात नाक घातलं.

वास पिठाचाच आहे. उद्या नवीन आणतो.